तिसऱ्या नळीचा नट

आमच्या सोसायटीत बनसोडे काकांशी बोलायचं असेल तर लिहावं लागतं. जनरेटरच्या खोलीच्या दाराला सुतळीने एक शंभर पानी वही टांगलेली आहे आणि तिच्याशेजारी तशाच सुतळीने एक पेन्सिल. तुम्ही काकांना जिन्यात गाठून म्हणालात, "काका, पाण्याची मोटर फार आवाज करतेय," तर ते तुमच्या तोंडाकडे नीट बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "बघतो. लेखी द्या." बिल्डिंगला आग लागली असं सांगितलं तरी ते हेच म्हणतील, याबद्दल आमच्या चोवीस बिऱ्हाडांत दुमत नाही.

मी दिलेली पहिली लेखी तक्रार लिफ्टची होती. "लिफ्टमध्ये उभं राहिलं की कुरकुर आवाज येतो," असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाली टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं, "लिफ्ट तपासली. आवाज लिफ्टमध्ये नाही. आपले बूट तपासावे." मी तपासले. बुटांचाच होता.

काकांनी खडकीच्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि मिटली. निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीत आमच्या तळमजल्यावर राहायला आले आणि सोसायटीचा जनरेटर कोणी न सांगता स्वतःच्या अंगावर घेतला. खिशात पेन्सिल, खांद्यावर फडकं आणि हातात एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर, असा त्यांचा वेश. हा स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी स्क्रू पिळायला वापरलेला मी कधी पाहिला नाही. त्याचं टोक ते चालू यंत्रावर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडावर दाबतात आणि डोळे मिटतात. मग सांगतात, कुठे काय झिजलंय ते. आमच्या फ्रिजला त्यांनी एकदा असं तपासलं होतं. "दोन वर्षं काढेल," म्हणाले. फ्रिज बरोबर दोन वर्षांनी गेला. तेव्हापासून माझी बायको मेधा त्यांना स्वयंपाकघरात येऊ देते, पण स्क्रू-ड्रायव्हर माझ्या जवळ आणू देत नाही.

आता माझ्याविषयी. मी खराडीच्या एका कंपनीत टीम लीड आहे. म्हणजे दहा जणांना दिवसातून तीनदा "कुठपर्यंत आलं?" असं विचारतो. शिवाय गेल्या वर्षापासून मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पहिलं पद मिळवायला मला नऊ वर्षं लागली. दुसरं सभेला उशिरा पोचल्यामुळे मिळालं.

सेक्रेटरी झाल्यावर माणसाला काहीतरी सुधारावंसं वाटतं. मी जनरेटर निवडला. कारण असं की दर रविवारी सकाळी दहाला काका तो चाचणी म्हणून दहा मिनिटं चालवायचे आणि जनरेटरची खोली बरोबर माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली आहे. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये मान वाकडी करून झोपणाऱ्या माणसाला रविवारचे दहा म्हणजे पहाट असते. मी प्रस्ताव तयार केला. जनरेटर काढून टाकावा, लिफ्टला आणि मोटरला बॅटरी बसवावी, खोलीत सायकली ठेवाव्यात. चौदा स्लाइड केल्या. एका स्लाइडवर धूर हलताना दिसत होता, त्याचा मला फार अभिमान होता. रविवारी अकराला सभा ठरली.

काकांना मी हे जिन्यातच सांगितलं. ते म्हणाले, "बघतो. लेखी द्या." मी वहीत लिहिलं. उत्तरादाखल त्यांनी फक्त "वाचले" एवढंच लिहिलं होतं. आमच्याकडे बहुतेकांचं मत असं होतं की काकू गेल्यापासून काकांचे आटे जरा ढिले झालेत. हे मत पसरवण्यात माझा वाटा मोठा होता. माझा आवडता किस्सा असा, की मला मुलगी झाली तेव्हा मी हॉस्पिटलमधून पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आलो आणि फाटकातच काकांना ओरडून सांगितलं, "काका, मुलगी झाली!" त्यावर ते म्हणाले, "बघतो. लेखी द्या." हा किस्सा मी दोन वर्षं प्रत्येक पार्टीत सांगितला आहे, काकांची नक्कल करून.

सभेच्या आधीच्या गुरुवारी काका हिंजवडीला मुलीकडे, प्रज्ञाकडे गेले. जाताना दारावर चिठ्ठी लावून गेले. "तिसऱ्या नळीच्या नटापाशी डिझेलची ओल आहे. इंजिन चालेल. नटाला हात लावू नये. शनिवारी येऊन बघतो."

शुक्रवारी सकाळी ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि सगळी गल्ली बंद पडली. सेक्रेटरी या नात्याने मी खाली गेलो, बटण दाबलं, जनरेटर सुरू झाला. तिथेच मी वर निघून यायला हवं होतं. पण मला ती ओल दिसली. इंजिनाला तीन सिलेंडर. प्रत्येकाकडे पंपातून एक बारीक पोलादी नळी जाते आणि टोकाला डिझेलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरला एका नटाने जखडलेली असते. तिसऱ्या नटाखाली एक थेंब जमत होता, पडत होता, पुन्हा जमत होता. "हात लावू नये" हे वाक्य सर्वसामान्य सभासदांसाठी असावं, असा मी अर्थ लावला. शिवाय डोळ्यांसमोर रविवारची सभा होती. नट मीच आवळला आणि तोही दोन मिनिटांत, हे वाक्य पहिल्या स्लाइडवर छान दिसलं असतं.

लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करून मी इंजिन बंद केलं आणि फोनवर एक हिंदी व्हिडिओ लावला. तो नऊ मिनिटांचा होता. खोलीत रेंज नसल्यामुळे चार मिनिटांनंतर तो गोल गोल फिरायला लागला. उरलेली पाच मिनिटं मी अंदाजाने केली. नट नुसता आवळायच्या ऐवजी पूर्ण काढला, नळीचं टोक हातरुमालाने पुसलं आणि नट परत बसवायला गेलो. तो सरळ बसेना. कंपनीने दिवाळीला दिलेल्या हत्यारांच्या पेटीत एक अॅडजस्टेबल पाना होता, तो लावून मी जोर दिला. कर्र करून नट फिरला. घट्ट बसला म्हणून मला बरं वाटलं. आणखी जोर दिला.

मग बटण दाबलं. इंजिन लंगडत दोन ठेके चाललं आणि तिसऱ्या नळीपाशी डिझेलची धार उडून माझ्या शर्टावर आली. मी बटण बंद केलं. 

दुपारपर्यंत वरची टाकी रिकामी झाली. चौथ्या मजल्यावरचे देशमुख बादली घेऊन उतरताना म्हणाले, "बघा, ऐन वेळी दगा दिला. नगरकर, तुमचंच बरोबर. विकून टाका हे धूड." बाकीच्यांनीही मला दुजोरा दिला. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. त्याआधी अकरा वाजता कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगला मी घरीच जाकीट घालून बसलो होतो, कारण आतल्या शर्टाला डिझेलचा वास येत होता. आणि वहीत मी लिहिलं होतं, "जनरेटर आज सकाळी आपोआप बंद पडला. सेक्रेटरी."

शनिवारी सकाळी मी जरा घाबरतच वही बघायला गेलो. माझ्या ओळीखाली उत्तर होतं. "नटाच्या सहाही कडा चावलेल्या आहेत. आपोआप पाना कुठून आला?" त्याखाली, "साडेदहाला नाना पेठेत जायचे आहे. आपण सोबत यावे." कोणाचं नाव नव्हतं. मी जाकीट न घालता गेलो.

स्कूटरवर काका पुढे आणि मी मागे, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली नळी घेऊन. रस्ताभर मी कबुलीजबाब देत होतो. "काका, म्हणजे झालं असं की..." आळंदी रस्त्यापासून नाना पेठेपर्यंत मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं, व्हिडिओसकट. ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, भयंकर रागावलेत.

स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांच्याच वयाचा मालक बसला होता. "जयभीम, बनसोडे!" म्हणून त्याने हात उंचावला आणि मग काही न बोलता पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन्सिल पुढे ओढली. पुढचा सगळा व्यवहार त्या पुठ्ठ्यावर झाला. नाना पेठेतसुद्धा लोक या माणसाचे चोचले पुरवतात याचं मला नवल वाटलं. काकांनी सात नळ्या जुन्या नळीला लावून बघितल्या. आठवी पसंत केली.

"एक बोटभर लांब असली तर काय बिघडतं?" मी समोर येऊन विचारलं.

"डिझेल उशिरा पोचतं," काका म्हणाले. "मग तिसरा सिलेंडर जन्मभर बाकी दोघांच्या मागे धावतो. वेळेवर पोचलेलं डिझेल आणि वेळेवर दिलेली कबुली. दोन्ही उशिरा आली की नुसता धूर होतो."

मी नळी घट्ट धरून स्कूटरवर बसलो.

दुपारी जनरेटरच्या खोलीत काकांनी आधी तासभर नुसती सफाई केली. उघड्या तोंडांवर प्लास्टिकची टोपणं घातली. इंजेक्टरच्या टोकावरचे आटे मी तिरपा नट दाबून चेचले होते. आटे दुरुस्त करायची एक गोल चकती असते, डाय म्हणतात तिला, ती त्यांनी तेल लावून अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे अशी फिरवत नेली. मी शुक्रवारी मिनिटभरात जे केलं होतं ते निस्तरायला चाळीस मिनिटं लागली. मग नवी नळी बसवली आणि नट माझ्या हातात दिला.

"आधी बोटं, मग पाना. तीन वेढे बोटांनी गेले पाहिजेत. तिरका गेला तर बोटांना लगेच कळतं. पान्याला काही कळत नाही, तो नुसता जोर लावतो."

नट बोटांनी तीन वेढे गेला. कंपनीत मला दोनदा बढती मिळाली आहे, पण इतका आनंद झाला नव्हता.

आता नळीतली हवा काढायची होती. नट अर्धा वेढा सैल ठेवायचा, इंजिन नुसतं फिरवायचं, आधी फेस येतो, मग निखळ डिझेल आलं की नट आवळायचा. "मी हात वर केला की बटण दाबा," असं सांगून काका माझ्याकडे पाठ करून नळीवर वाकले. त्यांचा हात वर गेला. मी बटण दाबणार तेवढ्यात दिसलं की त्यांच्या खांद्यावरच्या फडक्याचं एक टोक घसरून इंजिनाचा पंखा फिरवणाऱ्या पट्ट्यावर पडलंय आणि दुसरं टोक त्यांच्या मनगटाभोवती आहे.

"काका, फडकं!" मी ओरडलो. हात वरच होता. "काका, थांबा, पट्ट्यावर फडकं आहे!" हात वरच. घाईत माझ्या हातातला पाना सुटला आणि खालच्या पत्र्यावर आदळला. माझेच कान झणझणले. काका दचकले नाहीत. वर केलेला हात त्यांनी फक्त जरा हलवला, दाबा लवकर, अशा अर्थाने.

मी जाऊन फडकं ओढून काढलं तेव्हा मला एवढ्या जवळ बघून ते दचकले. त्यांनी फडक्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"किती हाका मारल्या?"

मी चार बोटं दाखवली. खरं तर दोनच मारल्या होत्या, पण मला काही सुचत नव्हतं.

काका डिझेलच्या डब्यावर बसले. "वर्कशॉपमध्ये चाचणीच्या शेडला होतो," ते म्हणाले. "तिथेच गेले कान. जाडे आवाज थोडे येतात. माणसाचा येत नाही. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून थोडं कळतं. सुशीला होती तोवर अडलं नाही. लोक काय म्हणाले ते ती घरी आल्यावर सांगायची. ती गेली, तेव्हा वही टांगली."

दारावरची वही ओढून मी तिच्यात लिहिलं, 'मग सांगितलं का नाही?'

"सांगितलं की लोक ओरडून बोलतात. आणि ओरडून बोलायला लागले की समोरच्याला खुळा समजतात. मशीन घेतलंय कानाचं, डबीत आहे. त्यात सगळीच खडखड येते." मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "यातून येतं. हाडाला लावलं की इंजिन स्वच्छ ऐकू येतं. सुशीला शेवटी शेवटी टोक स्वतःच्या हनुवटीला लावायची. म्हणायची, ऐका आता." ते थोडं हसले. "चहा झालाय, एवढंच सांगायची. पण आवाज यायचा तिचा."

मी हवा काढायचं बटण दाबायला गेलो, कारण मला दुसरीकडे बघायचं होतं. फेस आला, मग डिझेल आलं. नट आवळला. इंजिन सुरू झालं. गळतीच्या जागी मी बोट लावणार एवढ्यात काकांनी हातावर चापट मारली आणि पुठ्ठा पुढे धरला. "कातडीतून आत जातं डिझेल." पुठ्ठा कोरडा राहिला. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि दहा मिनिटं तसेच उभे राहिले. त्या वेळी मला कळलं, दर रविवारी सकाळी मी खिडकी आपटून बंद करायचो तेव्हा हा माणूस खाली काय करत असायचा. आठवड्यातली तेवढी दहा मिनिटं त्याला काहीतरी ऐकू यायचं आणि मी त्याविरुद्ध चौदा स्लाइड केल्या होत्या.

इंजिन बंद झाल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या हनुवटीला लावलं. काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मूठ कानामागे धरली.

"काका, नट मी बिघडवला. वहीत खोटं लिहिलं. चुकलो."

त्यांनी डोळे उघडले. "माहीत आहे," ते म्हणाले. "लेखी द्या."

मी संध्याकाळी लिहायला बसलो. नमुना म्हणून जुनी वही चाळत होतो, आधीचे सभासद माफी कशी मागतात ते बघायला. कोणीच मागितलेली नव्हती. पण त्यात मला माझंच अक्षर दिसलं. दोन वर्षांपूर्वी मी तिरसटपणे लिहिलं होतं, "लेखी कळवतो की मला मुलगी झाली." त्याखाली काकांचं उत्तर, "अभिनंदन. बाळाच्या झोपेची वेळ कळवावी. त्या वेळी जनरेटर चालवणार नाही." त्याखाली मेधाचं अक्षर, "सकाळी आठ ते साडेनऊ." आणि शेवटी, "आठची चाचणी यापुढे दहाला." हे पान मी त्यानंतर कधी उघडलंच नव्हतं. माझी झोपमोड करणारे दहा माझ्या घरातूनच ठरले होते.

रविवारी दहाला जनरेटर तीनही सिलेंडरवर सुरेख चालला. अकराला सभेत मी स्लाइड लावल्या नाहीत. एकेक छापील कागद वाटला, पहिला काकांना दिला. "जनरेटर आपोआप बंद पडला नव्हता. तो मी बिघडवला आणि काकांनी दुरुस्त केला. माझा प्रस्ताव मी मागे घेतो. नगरकर." देशमुखांनी तो मोठ्याने वाचला, नको तिथे थांबत. जनरेटर ठेवायचं ठरलं. सेक्रेटरींनी पान्यापासून दूर राहावे, असा दुसरा ठरावही त्यांनीच मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. त्यातला एक हात मेधाचा होता. काकांनी कागदाची चौकोनी घडी केली आणि पेन्सिलीच्या खिशात ठेवली.

आता सभेचे सगळे विषय मी आधी छापून वाटतो. मला काकांची लागण झाली असं लोक म्हणतात. खरं कारण मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. हे सगळं लिहू का, असं मी वहीत विचारलं होतं. उत्तर आलं, "हरकत नाही. शुद्धलेखन तपासावे."

मग परवा मी आणखी एक अर्ज लिहिला. "रविवारची चाचणी दहा मिनिटांची आहे. ती वीस मिनिटं करावी."

दुसऱ्या दिवशी खाली टपोऱ्या अक्षरात उत्तर होतं. "डिझेल सगळ्यांचे आहे. दहा मिनिटे पुरतात." मी वही सोडणार होतो, तेवढ्यात त्याखाली आणखी एक ओळ दिसली, नंतर कधीतरी लिहिलेली, अक्षर जरा बारीक.

"रविवारी येत जावे. स्क्रू-ड्रायव्हर आपला आणावा."

मी आणला आहे. हातभर लांब आहे.